ओळंबा आणि टिपकागद

नवऱ्याचा ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवरून उचलताना तिची नजर सहज कॉम्प्युटरवर गेली. तिथे त्याने कुणाला तरी लिहिलं होतं, ‘तुमचा मुद्दा मान्य आहे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मनापासून आभार.’ टॉवेल हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. बाथरूममध्ये बादली भरत होती आणि तो नेहमीसारखा बेसूर गुणगुणत होता. या माणसाने लग्नाला इतकी वर्षं झाली तरी घरात एकदाही, खिडकीच्या पडद्याच्या रंगापासून मूल होऊ द्यायचं की नाही इथपर्यंत एकाही बाबतीत, ‘तुझा मुद्दा मान्य आहे’ असं म्हटलेलं नव्हतं. तो भांडायचाही नाही, ती गोष्ट वेगळी. ‘बघू’ म्हणायचा आणि गप्प बसायचा, आणि मग कधीतरी तिच्या म्हणण्याप्रमाणे झालेलं असायचं, पण ते तिचं म्हणणं होतं म्हणून झालं की आपोआप झालं हे तिला कधी कळू दिलं जायचं नाही. मान्य आहे, लक्षात आलं नव्हतं, आभार. हे शब्द याच्याजवळ होते तर. इतके दिवस कुठे ठेवले होते? टॉवेलचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तेव्हा तिने तो दोरीवर टाकला, आणि बाहेर आलेल्या नवऱ्याला चहा दिला. पण पोटात काहीतरी दुखायला लागलं होतं. कशामुळे ते तिला नीट माहीत होतं, म्हणून जास्तच दुखत होतं.

ज्या लेखावरून हे चाललं होतं तो तिच्या बाबांचा लेख होता. म्हणजे बाबांवरचा नव्हे, बाबांवर लेख कोण लिहिणार? कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर फुटला होता, माणसं गेली होती, त्या अपघातावरचा. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, सगळ्यांनी मिळून फुकट लिहायचा, एकाने लिहिलेलं दुसऱ्याने खोडायचं. त्यात हा लेख होता. त्या पाळीला बॉयलरवर बाबा होते आणि गेलेल्या माणसांत तेही होते. चौकशी झाली, अहवाल आला आणि ‘कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे’ हे शब्द त्यांना कायमचे चिकटले. जादा वाफ बाहेर सोडणारी झडप मालकांनीच तारेने बांधून ठेवायला लावली होती, असं कामगार संघटनेने पत्रक काढलं. ते पत्रक कुणी वाचलं कोण जाणे. शाळेत मधल्या सुट्टीत एक मुलगी तिला म्हणाली होती, ‘माझे काका तुझ्या बाबांमुळे गेले.’ ती त्या मुलीशी भांडली नाही. उलट पुढे वर्षभर तिच्याच बाकावर बसली, तिची पट्टी, तिचं खोडरबर सांभाळत. का, ते तिला आजही सांगता आलं नसतं. बाबा घरात असले की आईच्या प्रत्येक भांड्यावरचं झाकण जरा तिरकं सरकवून ठेवायचे. आई वैतागायची, म्हणायची, अहो, ही डाळ आहे, तुमचा कारखाना नाही. ते म्हणायचे, वाफेला वाट ठेवलेली बरी. हा माणूस निष्काळजी? पण झाकणाची गोष्ट ज्ञानकोशात चालत नाही. तिने नवऱ्याला सांगून पाहिली होती. तो म्हणाला होता, “अगं, तू सांगतेस ते खरंच असणार. पण तुझं सांगणं हा संदर्भ होत नाही. छापून आलेलं लागतं.”

आणि तरी हे सगळं त्याने तिच्यासाठीच सुरू केलं होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिने त्याला तो लेख दाखवला, पहिल्याच परिच्छेदात ते शब्द. त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला, परत वाचलं आणि म्हणाला, “हे मी बघतो.” दुसरं कुणी असतं तर जवळ घेतलं असतं, काहीतरी गोड बोललं असतं. तिला ते तीन शब्द पुरले. सिमेंटची मजबुती तपासायच्या प्रयोगशाळेत तो कामाला होता. दिवसभर काँक्रीटचे ठोकळे यंत्राखाली ठेवायचे, दाब वाढवत न्यायचा आणि कितव्या दाबाला तडा गेला ते लिहायचं, हे त्याचं काम. ज्ञानकोशात त्याने नाव घेतलं ओळंबा. ती चिडवायची, गवंड्याच्या हातातला लोंबता ओळंबा काय, दुसरं नाव नाही सुचलं? पण मनातून तिला ते आवडलं होतं. सरळ माणूस. संध्याकाळी चहा झाला की तो लेखाला बसायचा आणि ती स्वयंपाकघरातून विचारायची, काय झालं, आणि तो सांगायचा. दर रविवारी भावाकडे राहणाऱ्या आईचा फोन यायचा आणि आईही तेच विचारायची, ते कॉम्प्युटरवरचं बदललं का गं? एका माणसाच्या नावासाठी तीन माणसं बसली आहेत असं तेव्हा वाटायचं. मग टिपकागद आला.

टिपकागद म्हणजे त्या दुसऱ्याने घेतलेलं नाव. जास्तीची शाई टिपून घेणारा, असं काहीतरी त्याच्या मनात असणार. त्याचं म्हणणं असं की चौकशीचा अहवाल हा अधिकृत, संघटनेचं पत्रक हे एका बाजूचं, तेव्हा पहिल्या परिच्छेदात अहवालातलंच कारण राहिलं पाहिजे. नवऱ्याचं म्हणणं उलट. लेखाच्या मागे एक चर्चापान असतं, वाद तिथे घालायचा असतो, आणि तिथे हे दोघं वर्षानुवर्षं वाद घालत होते. सुरुवातीला नवरा चिडायचा, ‘काय डोकं खातोय हा’ म्हणायचा. ते तिला बरं वाटायचं. पुढे पुढे तो वाचता वाचता हसायला लागला. एकदा मांडीवर हात मारून म्हणाला, “काय अडकवलंय मला, वा!” हा काय सामना चालला होता? तिने विचारलं होतं, “कोण आहे तरी हा? बाई की पुरुष?”

“माहीत नाही.”

“विचारलंस कधी?”

“कशाला विचारायचं? वादात काय फरक पडतो त्याने?”

बाई असती तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटायला लागलं. बाईचा मत्सर कसा करायचा ते माणसाला येतं. वय, केस, आवाज, कुठेतरी बोट ठेवता येतं. इथे बोट ठेवायला जागाच नव्हती. चेहरा नाही, वय नाही, नुसती वाक्यं, आणि तीही इतकी नीटस की त्यांचा राग करायला लागलं की आपणच कजाग वाटावं.

त्या टॉवेलच्या सकाळनंतर ती चर्चापान वाचायला लागली. चष्म्याच्या दुकानात ती आतल्या बाजूला काम करायची, काचा फ्रेमच्या मापाने घासून बसवायचं. दुपारी दुकानदार जेवायला घरी गेला की यंत्र बंद करून, हातावरची पांढरी भुकटी पुसून ती फोन उघडायची आणि मागे मागे जायची. जुनी पानं सगळी तिथेच असतात, ज्ञानकोशात कुणी काही फेकत नाही. वाचता वाचता जेवायचं राहून जायचं. एके ठिकाणी टिपकागदाने लिहिलं होतं, आज प्रकृती बरी नाही, उत्तर उशिरा येईल. खाली नवऱ्याचं, ‘सावकाश. आधी बरे व्हा. लेख कुठे पळून जात नाही.’ ती तापाने फणफणली होती तेव्हा याने दारातूनच विचारलं होतं, गोळी घेतलीस का, आणि डबा घेऊन निघून गेला होता. दुसऱ्या एके ठिकाणी टिपकागद म्हणतो, मागल्या खेपेला माझे शब्द कडक झाले, राग नसावा. नवरा म्हणतो, ‘कडक शब्दांनीच लेख पक्का होतो, आमच्या धंद्यात दाब दिल्याशिवाय मजबुती कळत नाही.’ हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. ठोकळ्यांबद्दल तो घरी बोलायचाच नाही. तिला वाटायचं, त्यात बोलण्यासारखं काही नसेल. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे त्याने टिपकागदाला पदक दिलं होतं. ज्ञानकोशात स्वयंसेवक एकमेकांना असली चित्रातली पदकं देतात, खाली चार शब्द लिहून. ‘ज्यांच्याशी हरायलाही आवडतं त्यांना’ असं त्याने लिहिलं होतं. ती ते वाक्य वाचून उठली, यंत्र सुरू केलं आणि कुणाच्या तरी जाड चष्म्याची काच इतकी घासली की फ्रेममध्ये खुळखुळायला लागली. दुकानदाराने आल्यावर विचारलं तर म्हणाली, काच खराब होती.

आणि मान्य काय केलं होतं त्याने त्या सकाळी? तेही तिने शोधून काढलं. टिपकागदाने दाखवून दिलं होतं की पत्रक लिहिणाऱ्यांपैकी एकही जण त्या पाळीला कारखान्यात नव्हता, सगळी ऐकीव माहिती. त्यावर याने मान तुकवली होती. म्हणजे बाबांच्या बाजूचा एकुलता एक कागद याने त्या परक्याला देऊन टाकला, वर आभार मानले. त्या संध्याकाळी तिला राहवलं नाही.

“तू पत्रक सोडून दिलंस?”

तो दचकला. “वाचलंस तू?”

“सगळ्या जगाला वाचता येतं, मला येत नाही का?”

“सोडलं नाही गं. पण त्यांचा मुद्दा बरोबर होता. त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.”

“आणि बाबांचा मुद्दा? तो कोण मान्य करणार?”

तो टेबलाच्या कडेवरून नख फिरवत राहिला. “घाई केली की हातचं जातं,” तो म्हणाला. “थोडं त्यांचं ऐकलं तर थोडं आपलं ऐकतील. टिपकागद अप्रामाणिक नाहीत. एक दिवस त्यांना पटेल.”

त्यांचं, त्यांना. घरात नसलेल्या माणसाला हा एवढा मान. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की मला बाबांचं काही नको, मला तू माझ्याशी एकदा तसा वाद घाल, कागद काढून, मुद्दे मांडून, हसून, मांडीवर हात मारून. पण असं कुणी बोलतं का? ती म्हणाली, “भाजी गरम करू?”

नंतरचं तिने ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, पण नकळत झालं असंही नाही. तो गॅलरीत कपडे वाळत घालत होता आणि ती पलंगावर बसून फोनवर चर्चापान वाचत होती. खाली ‘उत्तर द्या’ असं लिहिलेलं होतं. खातं नसलं तरी लिहिता येतं. नावाच्या जागी नुसती आकड्यांची माळ उमटते. आकड्यांना कोण ओळखणार? तिने लिहिलं, ‘ओळंबा यांचे म्हणणेच बरोबर आहे. टिपकागद यांना त्या बॉयलरवाल्याबद्दल काय माहीत? मेलेल्या माणसावर आरोप करायला अक्कल लागत नाही.’ बटण दाबलं आणि छातीत असं धडधडलं, शाळेत फळ्यावर काहीतरी लिहून पळाल्यावर धडधडायचं तसं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाण्याआधीच उत्तर आलेलं होतं. ‘आपल्या भावना समजू शकतात. आपल्याकडे काही संदर्भ असल्यास कृपया द्यावा, नक्की विचार होईल.’ तिने ते परत परत वाचलं. चिडून वाचलं, पण खोटं कशाला, थोडं सुखावूनही वाचलं. तो माणूस तिच्याशी बोलला होता. नवऱ्याशी बोलतो तसाच. यात काय असतं ते तिला एक क्षण कळलं आणि त्या कळण्याने ती आणखी भडकली. मग ती रोज लिहायला लागली. कधी नवरा आंघोळीला गेला की, कधी दूध आणायला खाली उतरला की. टिपकागद हा कारखानदाराचा पगारी माणूस असावा असं लिहिलं. त्याला घर नाही का, काम नाही का, असंही लिहिलं. घरी आल्यावर नवरा ते वाचायचा आणि कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, “हा कोण नवा उपटसुंभ आलाय? आपल्या बाजूने बोलतोय आणि आपलाच घात करतोय.” ती कांदा चिरत मान खाली घालून हसायची. तो तिच्याबद्दल बोलत होता. कपाळाला आठ्या घालून का होईना, तिच्या वाक्यांचा विचार करत होता. ‘उत्तर देणार आहेस का त्याला?’ असं तिने विचारलं तर म्हणाला, “छे. असल्यांना उत्तर द्यायचं नसतं.”

आणि मग टिपकागद गप्प झाला. त्याच्या जागी ज्ञानकोशाच्या प्रचालकाचा मजकूर आला. प्रचालक म्हणजे तिथे शिस्त राखणारा, तोही स्वयंसेवकच. एकाच माणसाने दोन नावांनी येऊन आपलीच री ओढणं हा तिथला सगळ्यांत मोठा गुन्हा. प्रचालकाने लिहिलं होतं की ओळंबा यांनी काही वर्षांपूर्वी एकदा खात्यात न शिरता चुकून लिहिलं होतं, तेव्हा त्यांच्या नावाच्या जागी उमटलेले आकडे आणि या नव्या माणसाचे आकडे एकच आहेत. म्हणजे दोन्ही मजकूर एकाच घरातून लिहिले गेलेत. तरी ओळंबा यांनी खुलासा करावा. त्याच्या खाली टिपकागदाचं एकच वाक्य होतं. ‘ओळंबा, तुम्ही नाही म्हणालात तर माझा विश्वास बसेल.’

त्या संध्याकाळी ती दुकानातून आली तेव्हा तो कॉम्प्युटरसमोर बसलेला होता, बूटसुद्धा न काढता. तिने पर्स ठेवली. त्याने मान वळवली नाही.

“तू लिहिलंस?”

कानावर हात ठेवता आले असते. “हो,” ती म्हणाली.

“इथूनच? घरच्याच कनेक्शनवरून?”

“मला काय माहीत आकडे घराचे असतात.”

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. आता हा ओरडेल, तिला वाटलं, आणि तिला ते हवं होतं. “दुकानातून लिहायचंस गं,” तो म्हणाला. एवढंच. आणि हसल्यासारखं केलं.

“नाही म्हणून सांग ना त्याला,” ती म्हणाली. “विश्वास ठेवतो म्हणतोय की तो.”

“नाही म्हटलं तर मग कोण, असं विचारणार. बायको म्हटलं तर बायको कोण, तिचा काय संबंध. तू कुणाची मुलगी हे कळलं की आजवर मी लिहिलेलं सगळं सासऱ्याची वकिली ठरणार. एकेक वाक्य उपटून काढतील. चौकशीतल्या त्रुटी, झडपेचा परिच्छेद, सगळं. मी तिथे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं.” तो बोलता बोलता टाइप करायला लागला होता. त्याच्या बोटांकडे ती बघत राहिली. जाड बोटं, नखांत सिमेंट.

“काय लिहिलंस?”

“तो मीच होतो असं.”

दुसऱ्या दिवशी त्याच्यावर कायमची बंदी आली. ज्ञानकोशाची खूण त्याने कॉम्प्युटरवरून काढून टाकली. “आता बघायचं नाही,” तो म्हणाला, “बघितलं की हात शिवशिवणार.” आणि तो शब्दाचा पक्का. तिने हिशेब घालून पाहिला, मनातल्या मनात, काचा घासता घासता. त्याने तिला वाचवलं होतं. बाबांच्या लेखाला वाचवलं होतं. दोघांपैकी एकाला सोडायची वेळ आली तेव्हा त्याने टिपकागदाला सोडलं होतं, आणि तेही त्याच्या नजरेत खोटारडा ठरून. याहून जास्त बायकोला काय हवं? पण तिचं मन निवायला तयार नव्हतं. ज्या गोष्टीची किंमत मोजताना माणसाचा चेहरा एवढा उतरतो ती गोष्ट त्याला केवढी वाटत असेल, हेच तिला सारखं टोचत राहिलं. आधी निदान संशय होता, आता खात्री झाली.

त्याच्या संध्याकाळी आता तिच्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या. त्याने गळका नळ दुरुस्त केला, कपाटाची कुरकुरणारी दारं काढून परत बसवली. तिच्याबरोबर बाजारात यायला लागला, पिशवी धरून मुकाट्याने मागे उभा राहायचा. स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसायचा. त्यांच्या घरात प्रेशर कुकर वापरात नव्हता. शिट्टीचा आवाज तिला सोसायचा नाही, लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात आहेर म्हणून आलेला कुकर तिने खोक्यासकट माळ्यावर टाकला होता आणि त्याने का म्हणून विचारलंही नव्हतं. एवढी वर्षं तो उघड्या पातेल्यातलं, वेळ खाऊन शिजलेलं अन्न जेवत आला होता. हे तिच्या आता, तो स्टुलावर बसून पातेल्याकडे बघत असताना लक्षात आलं, पण म्हणून आतली जळजळ गेली नाही. एकदा पडद्यांवरूनच विषय निघाला. हे मळकट झालेत, गडद रंगाचे घेऊ, ती म्हणाली. “तुझा मुद्दा बरोबर आहे,” तो म्हणाला. तिने चमकून पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. ज्या वाक्यासाठी तिने एवढं सगळं केलं ते वाक्य आलं होतं, आणि त्यात काही म्हणजे काही नव्हतं. तिने वाद उकरून काढायचा प्रयत्न केला. फिकेच बरे नाहीत का, उजेड येतो? “तेही खरं,” तो म्हणाला.

तो बघत नव्हता, पण ती बघत होती. दुकानदार जेवायला गेला की पहिल्यांदा लेख, मग चर्चापान. टिपकागद कुठेच दिसत नव्हता. मेला असेल, असं एकदा मनात आलं आणि स्वतःचीच तिला भीती वाटली. मग एका दुपारी लेख उघडला आणि पहिला परिच्छेद वेगळा होता. ‘कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे’ हे शब्द नव्हते. तिथे लिहिलं होतं, ‘स्फोटाचे नेमके कारण सिद्ध झालेले नाही. चौकशी समितीने बॉयलरवरील कर्मचाऱ्याला दोषी ठरवले. मात्र समितीने झडपेची तपासणी केली नव्हती.’ तिने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. बोटांच्या भुकटीचे पांढरे ठसे काचेवर उमटले. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आईने चहाचा कप खाली ठेवून पदराने तोंड पुसलं असतं आणि उठून बाबांच्या फोटोपाशी गेली असती. तिला रडू आलं. शाळेतली ती मुलगी आठवली, तिचं खोडरबर. बाबा सुटले. इतक्या वर्षांनी, जेवणाच्या सुट्टीत, कुणाला न कळता बाबा सुटले होते. मग तिने कुणी केलं ते पाहिलं. टिपकागद.

चर्चापानावर त्याने लिहिलं होतं. समितीने एकच बाजू ऐकली असताना तिचा निष्कर्ष पहिल्या परिच्छेदात ठेवणं योग्य नाही, हा मुद्दा ओळंबा सुरुवातीपासून मांडत आले. मला मान्य करायला उशीर झाला, याचं वाईट वाटतं. आणि त्याखाली, थोडी जागा सोडून: ‘ओळंबा, तुम्ही हे वाचाल की नाही कल्पना नाही. ते आकडे तुम्ही नव्हता हे मला ठाऊक आहे. त्या माणसाला रागावता येत होतं. तुम्हाला रागावता येत नाही, तुम्ही गप्प बसता. कुणाला तरी पाठीशी घातलंत, ते कुणीही असो, तुम्हाला महत्त्वाचं असणार. तुमच्यावाचून या पानावर आता काही राम उरला नाही.’

काचा घासायचं यंत्र समोर होतं, त्याच्या पाण्यात पांढरा गाळ बसला होता. तुम्ही गप्प बसता. हे तिच्याशिवाय कुणाला माहीत होतं? ज्याने याला कधी पाहिलं नाही, जेवताना, झोपताना, तापाने कण्हताना पाहिलं नाही, त्याला कसं कळलं? आणि तिला, तिला तरी ते असं चार शब्दांत कधी म्हणता आलं होतं का? हे नवऱ्याने वाचलं तर त्याचा चेहरा कसा होईल ते तिला दिसलं. ती पातेलं हलवत असेल आणि तो स्टुलावर बसून हे वाचेल, पुन्हा वाचेल, चष्मा काढेल. तो उजळलेला चेहरा तिच्या घरात, तिच्या डोळ्यांदेखत, दुसऱ्या कुणासाठी असेल. तिने फोन बंद केला. मग उघडून पुन्हा वाचलं, मग बंद केला. दुकानदार परत आला आणि म्हणाला, “डोळे लाल झालेत. भुकटी गेली वाटतं?” ती हो म्हणाली.

घरी जाताना वाटेत तिने ठरवलं की सांगायचं. जिना चढताना ठरवलं, उद्या. बुधवार गेला, गुरुवार गेला. शनिवारी तो म्हणाला, “आज बरी दिसत नाहीस,” आणि तिच्या कपाळाला हात लावला; तिला वाटलं, आता सांगावं, आत्ता, हा हात आहे तोवर. हात त्याने काढून घेतला आणि तो नळाकडे गेला.

रविवारी फोन आला तेव्हा वाटाणे शिजत होते. तो स्टुलावर बसून लसूण सोलत होता. घरात आवाज लहान, आईचा आवाज मोठा. आई फोनमध्ये बोलायची ते सगळ्या खोलीला ऐकू जायचं. भावाच्या मुलाची परीक्षा झाली, आईच्या गुडघ्याचं झालं, आणि मग दर रविवारसारखं आईने जरा आवाज खाली आणून विचारलं,

“ते कॉम्प्युटरवरचं बदललं का गं?”

नवऱ्याचे हात थांबले. त्याने मान वर केली नाही, पण कान इकडे होते हे तिला कळलं. हो म्हटलं की तो विचारणार, कुणी बदललं? एक शब्द होता तोंडात. आई वाट बघत होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

“नाही गं आई,” ती म्हणाली. “अजून तसंच आहे.”

“असू दे,” आई म्हणाली. “जावईबापूंना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका. ते करतायत हेच पुष्कळ आहे. मी आहे अजून.”

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, “आईंना एकदा सांगून टाकायला हवं, माझ्याच्याने झालं नाही म्हणून.” त्याचा आवाज घोगरा झाला होता. पातेल्यावरचं झाकण वाफेने थडथडत होतं. तिने फडक्याने धरून ते जरा तिरकं सरकवलं, बाबा सरकवायचे तेवढंच, आणि त्याच्याकडे पाठ करून तिथेच उभी राहिली.